सुभद्रा आज आली नाही

"पाठ राहू दे," आक्का म्हणाली. "इथं हात दे."

द्राक्षं पेट्यांत भरायच्या पॅकहाऊसच्या मागं आम्हा मजूर बायांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. त्यांच्या आडोशाला दोन जुनी लुगडी बांधून आम्ही न्हाणी केली होती. सकाळी कामावर जायच्या आधी मी आक्काची पाठ घासत होते. तिनं माझा ओला हात धरला आणि डाव्या छातीवर नेऊन दाबला. मी लाजून हात ओढायला लागले, तर बया मनगट सोडेना.

"अगं दाब. लाजू काय राहिली? लागतं का काही?"

लागलं. चिंचोक्याएवढं, टणक. बोटानं सरकवायला गेले तर जागचं हलेना.

"दुखतं का गं?" मी विचारलं.

"दुखलं असतं तर बरं होतं. दुखत नाही म्हणून तर भ्या वाटू राहिलं." तिनं तांब्या भरून अंगावर ओतून घेतला. "दिवाळीत लागलं हाताला. तेव्हा मणी होता नुसता. कुणापाशी बोलायचं नाही, लंके. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

"पण आक्का, आजच ती गाडी येणार आहे ना? बायांना तपासायची?"

"म्हणून तर तुला दाखवलं," ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसायला लागली.

आक्का म्हणजे माझी चुलत जाऊ, सुभद्रा. नवरा ट्रकवर क्लीनर म्हणून गेला तो परमुलखातच राहिला. तिकडं दुसरी केली म्हणे. सासरच्यांनी हिला ठेवून घेतलं, पण कसं, तर चुलीपाशी आणि शेणापाशी. माहेरी भाऊ होता, ही दारात उभी राहिली की तो वाटेकडं बघायचा. पोरगी आश्रमशाळेत. एवढं सगळं असून बाई वागायला कडक. रडगाणं गाणाऱ्या बाईचा तिला भारी राग. माझं लग्न झालं तेव्हा मी अठराची, बावळट. पोर झालं, ते वर्षाचं झालं, आणि सासूच्या मांडीवर टाकून मी पहिल्यांदा हंगामाला निघाले. येवल्याच्या पलीकडच्या आमच्या कोरड्या गावातून मला निफाडकडं द्राक्षांवर आणली ती आक्कानंच. घड कसा धरायचा, सडका मणी कात्रीनं कसा उडवायचा, बागवाल्याशी किती बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, सगळं तिनं शिकवलं. आईनं शिकवलं नसेल एवढं.

आता त्याला वीस वर्षं होत आली. पण माझ्या हाताला ते चिंचोक्याएवढं अजून लागतं. भाकरी थापतानासुद्धा मधेच लागतं, काय सांगू.

आमची टोळी म्हणजे एक टेबल. एकीनं घड उचलायचा, दुसरीनं छाटायचा, तिसरीनं वजन करायचं, चौथीनं पेटीत रचायचा. मजुरी पेटीवर, आणि ती सगळ्यांत सारखी वाटायची. त्यामुळं एक बाई उठली की सगळं टेबल लंगडं. आत गारठा, अंगावर पांढरा डगला, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. बांगड्या, नथ, कुंकू सगळं बाहेर काढून ठेवायचं. माल परदेशात जायचा ना, तिकडच्या लोकांना आपला केस चालत नाही. आत गेलं की आम्ही सगळ्या सारख्याच. नुसते डोळे दिसायचे.

आणि एक कायदा होता. आजारी बाई टेबलावर नको.

आदल्या हंगामात मंजुळा नावाची बाई आमच्यात होती. तिला खोकला. एक दिवस पांढऱ्या कोटातली एक मॅडम आली, हातात कागद, दारात उभी राहून म्हणाली, "मंजुळा कोण आहे?" मंजुळानं भोळेपणानं हात वर केला. तिला बाहेर नेलं, थुंकी तपासली, आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी पाठवली. पुढं तिला कुठल्याच पॅकहाऊसनं उभं केलं नाही. खोकला साधाच होता, पण बोभाटा झाला तो झालाच. आमची मुकादमीण ठकूमावशी तेव्हा आठ दिवस धुमसत होती. "हात वर करायची काय गरज होती भवानीला?" म्हणायची. मग स्वतःच रडायची.

तर त्या दिवशी ती गाडी आली. बसएवढी मोठी, पांढरी, आत मशीन. माल घेणाऱ्या कंपनीनं पाठवली होती. बायांना कॅन्सर होतो का ते फुकट तपासणार होते. गाडी उभी केली मालकांच्या बंगल्यापुढं, चिकूच्या सावलीत. मालकीणवहिनी, त्यांची नणंद, नाशिकहून आलेल्या दोघी पाहुण्या, सगळ्या कशा मजेत पायऱ्या चढून आत गेल्या. त्यांना चहाही तिथंच नेऊन दिला. वहिनी स्वभावानं चांगल्या होत्या हं, खोटं कशाला बोलू? त्याच आमच्या दाराशी येऊन म्हणाल्या, "बायांनो, तुम्हीपण या गं. मी दरवर्षी करते. काही दुखत नाही."

वहिनी गेल्या आणि बोरस्ते सुपरवायझर आला.

"ज्यांना जायचं त्यांनी जा," तो म्हणाला. "मी कुणाला अडवत नाही. पण कंटेनर आज संध्याकाळी निघणार. टेबल थांबलं नाही पाहिजे."

"म्हणजे जायचं बी आणि थांबायचं बी?" ठकूमावशीनं विचारलं.

"ते तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला आणि फोन कानाला लावून निघाला.

आम्ही कात्र्या चालवता चालवता बोलायला लागलो. हौसा म्हणाली, "मला काही नाही बाई झालं. मी कशाला जाऊ?" दुसरी म्हणाली, "अंग उघडं करायला लावतात म्हणे." तिसरी म्हणाली, "आणि काही निघालं म्हणजे? मंजुळासारखी बोळवण." मी आक्काकडं बघत होते. ती खाली मान घालून मणी उडवत होती, चांगले मणीसुद्धा.

मग ठकूमावशीला युक्ती सुचली. सांगितलं तर हसाल, पण तेव्हा आम्हाला ती पटली, अगदी गळ्याची शपथ, मलाही पटली.

"हे पाहा," ती म्हणाली. "बागेचा माल परदेशी जायच्या आधी सँपल जातं का नाही? औषधाचा अंश राहिला का ते बघायला? पूर्ण बाग नेतात का तपासायला? एक पेटी नेतात. ती पास झाली की बाग पास. आपण बी एका बागेतल्याच. एकच पाणी पितो, एकच मिस्री लावतो, एकाच गारठ्यात उभ्या राहतो. एक बाई पाठवू. ती पास तर आपण सगळ्या पास."

"आणि नापास झाली तर?" हौसानं विचारलं.

"नापास होईल अशी पाठवायचीच कशाला? मालक सँपल कुठून काढतात? कडेच्या ओळीतून. जिथं फवारा कमी बसला तिथून. आपण बी तशीच काढू. तरणीताठी."

सगळ्या मास्कातून खी खी हसल्या. आणि तेवढ्यात आक्का बोलली. सबंध सकाळभरात पहिल्यांदा.

"लंकेला पाठवा."

मी दचकून पाहिलं. तिनं माझ्या डगल्याचा मागचा बंद नीट करायचं निमित्त केलं आणि कानाशी पुटपुटली, "तू जा. डॉक्टरला विचार, असं असलं तर काय असतं म्हणून. मग मला सांग."

गाडीत थंडगार होतं. डॉक्टरीण माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. केस बारीक कापलेले, बोलायला गोड. तिनं तोंड उघडायला लावलं, मिस्रीचे काळे दात बघून च् च् केलं, पण रागावली नाही. मग पडद्याआड निजवून तपासलं. बाळंतपणानंतर परक्या बाईचा हात अंगाला लागायची ती पहिलीच वेळ. मी डोळे मिटून घेतले आणि बोलले, "मॅडम, गाठ आहे. डावीकडं."

"कुठे?"

"इथं. चिंचोक्याएवढी. हलत नाही."

तिनं पुन्हा तपासलं. दाबून दाबून, गोल गोल बोटं फिरवून. काखेत पाहिलं. "नाही हो ताई, काही नाहीये. अगदी छान आहात तुम्ही."

"नीट बघा ना. दिवाळीपासून आहे."

तिचा हात थांबला. ती माझ्याकडं बघत राहिली. लबाडी करायची सवय नव्हती मला, तोंडावर सगळं उमटत असणार.

"कुणाची गाठ आहे ही?" तिनं हळूच विचारलं.

गळ्याची शपथ होती. मी म्हटलं, आक्काचा गळा राहायचा असेल तर शपथ मोडलेलीच बरी. आणि सांगून टाकलं. जाऊ आहे, सुभद्रा नाव आहे, आत टेबलावर आहे, येणार नाही.

"का नाही येणार?"

"आजारी बाई ठेवत नाहीत."

ती उठली. हातमोजे काढले. कागदावर आक्काचं नाव लिहून घेतलं आणि म्हणाली, "चला. मी येते. तिला हात धरून आणू आपण." मला इतका आनंद झाला! वाटलं, झालं, आता देवच पायांनी चालत निघाला. मी तिच्यापुढं पळतच निघाले. बंगल्याच्या ओट्यावर वहिनींची पाहुणी वाट बघत बसली होती, ती म्हणाली, "डॉक्टर, माझा नंबर?" डॉक्टरीण म्हणाली, "आलेच."

पॅकहाऊसच्या दाराशी बोरस्तेनं तिला टोपी आणि मास्क दिला. ती जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्या बाजूला सारून आत आली. पांढरा कोट. हातात कागद. मागं सुपरवायझर.

ती म्हणाली, "सुभद्रा कोण आहे?"

कात्र्या थांबल्या. मला त्या वेळी कळलंच नाही हो. मी आपली हसत उभी होते तिच्या शेजारी.

"सुभद्रा आज आली नाही," ठकूमावशी म्हणाली.

डॉक्टरीण माझ्याकडं वळली. "तुम्ही म्हणालात आत आहे."

"आहे ना! मावशी, काय बोलू राहिली तू?" मी बोट केलं. "ती काय, तिसरी."

"ती हौसा," ठकूमावशी म्हणाली.

"हौसाच ती," दुसरी म्हणाली. "सुभद्रा गावाला गेली. तिची पोरगी आजारी आहे."

आणि खरी हौसा, आक्काला खेटून उभी असलेली, तीसुद्धा मान डोलवून म्हणाली, "व्हय मॅडम, हौसा आहे ही. माझ्या शेजारी राहती."

डॉक्टरीण एकेकीचे डोळे बघत टेबलाच्या कडेनं चालली. काय दिसणार तिला? पांढऱ्या टोप्या, पांढरे मास्क. ती आक्कापुढं थांबली. "ताई, तुम्हीच सांगा. मी काही कामावरून काढायला आले नाही. दहा मिनिटांचं काम आहे. तुमचं नाव काय?"

मी मनातल्या मनात ओरडत होते, बोल गं, बोल, नाव तर सांगायचंय नुसतं. आक्कानं आधी ठकूमावशीकडं पाहिलं. मग हौसाकडं. मग बाकीच्यांकडं, एकेकीकडं, सावकाश. माझ्याकडं सगळ्यात शेवटी. तिच्या डोळ्यांत भीती असती तर मला कळली असती. मी तिला ओळखत होते. पण भीती नव्हती. काहीतरी वेगळंच होतं, आणि ते काय ते मला पुढं कितीतरी दिवस कळलं नाही.

"हौसा," आक्का म्हणाली.

बोरस्ते आम्हाला हंगामभर बघत होता. त्याला आक्काचा आवाज ठाऊक नव्हता असं मी तरी म्हणणार नाही. तो घड्याळ बघत म्हणाला, "मॅडम, बंगल्यावर वाट बघू राहिले."

डॉक्टरीण जागची हलेना. मग तिनं तो कागद टेबलावर ठेवला, अगदी आक्काच्या हाताशी. "सुभद्रा गावाहून आली की तिला सांगा," ती म्हणाली. "हंगाम संपायची वाट बघू नको म्हणावं. नाशिकला मोठ्या दवाखान्यात जा म्हणावं, लगेच."

"सांगते मॅडम," आक्का म्हणाली.

पट्ट्या हलल्या, डॉक्टरीण गेली, तिच्या मागं बोरस्तेही गेला. आणि टेबलावर नुसता हशा! ठकूमावशीनं आक्काच्या पाठीवर थाप मारली. "गेली बला! मंजुळाला नेली, आता काय सुभद्राला नेऊ देते काय मी?" हौसा म्हणाली, "आता मी कोण मग? माझं नाव तर हिनं नेलं!" पुन्हा हसणं. आक्कासुद्धा हसत होती. टोपी सरकेपर्यंत हसत होती. नवऱ्यानं टाकल्यापासून तिला तशी हसताना कुणी पाहिली नसेल. तो कागद कुणीतरी सडक्या मण्यांच्या टोपलीत टाकला.

मग ठकूमावशी माझ्यावर फिरली. "आणि तू गं? टोळीतल्या बाईवर बोट दाखवती? लाज नाही वाटत?"

"मावशी, तिला..." मी तोंड उघडलं, पण आक्कानं माझा दंड असा दाबला की शब्द आतच राहिले. टोळी माझ्याशी कितीतरी दिवस धड बोलली नाही. एकटी आक्का बोलायची. शपथ मोडली म्हणून रागावलीसुद्धा नाही. मी तिच्या मागं लागायचे, चल, आपण दोघी जाऊ नाशिकला. ती म्हणायची, हंगाम होऊ दे. हंगाम झाला तर कांदा काढणी आली. मग पोरीची शाळा. मग गावातल्या डॉक्टरनं मलम दिलं, ते लावून बघू म्हणाली. मलम लावत लावत पाऊसकाळ गेला आणि दिवाळीत ती जागा फुटली.

गाडी आली त्याच दिवशी वहिनींच्या छातीत मशीनला बारीकशी गाठ दिसली होती. हाताला लागतही नव्हती म्हणे. पुण्याला ऑपरेशन झालं. वहिनी आज नातवंडं खेळवतात, आणि खेळवोत, त्यांचं वाईट कशाला चिंतू? पण मी बंगल्यावरून जाते तेव्हा त्या हाक मारतात आणि माझा पाय उचलत नाही.

आक्काला नाशिकला नेली तेव्हा दवाखान्यातले डॉक्टर माझ्यावरच खेकसले, इतके दिवस काय करत होता म्हणून. मी ऐकून घेतलं. आक्का खाटेवर होती, हात सुजून मुसळ झालेला. एक दिवस तिला जरा बरं वाटत होतं. मी तिला पेज भरवत होते आणि माझ्याच्यानं राहवेना.

"आक्का, नाव का नाही सांगितलंस गं त्या दिवशी? टोळीचं काम जाईल म्हणून?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग ठकूमावशीला भ्यालीस?"

"ती काय भ्यायची बाई आहे?" आक्का हसली. श्वास पुरेना, म्हणून थांबत थांबत बोलली. "लंके, नवऱ्यानं टाकलं तेव्हा सासऱ्यापुढं माझ्या बाजूनं कुणी एक शब्द बोललं नाही. भाऊ नाही बोलला. आई नाही बोलली. आणि त्या दिवशी... सगळ्या बोलल्या गं. सुपरवायझरपुढं. हौसानं तर नाव देऊन टाकलं आपलं. सगळ्या माझ्यासाठी खोटं बोलल्या. मग मी एकटीनं खरं कसं बोलू? त्यांना खोटं पाडू?"

मी पेजेचा चमचा तसाच धरून बसले. तिनं तोंड उघडलं, म्हणून मग भरवला.

आठवडाभरात ती गेली. पोरीला मी माझ्याकडं आणली. तेराव्याला टोळी आली होती. तेव्हा मी ठकूमावशीला न्हाणीतलं सगळं सांगितलं. रागानंच सांगितलं, लपवत नाही. तिनं दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं. "मला काय ठाऊक गं? मला वाटलं मंजुळासारखी नेत्यात. मला काय ठाऊक?" त्यानंतर ती कधी टोळी घेऊन गेली नाही. घरीच बसली.

आता मावशी फार म्हातारी झाली. डोक्यात गोंधळ झालाय. लेकाचं नाव आठवत नाही, जेवली का नाही ते आठवत नाही. मी जत्रेला तिच्या गावी जाते तेव्हा भेटून येते. मला ओळखते की नाही कोण जाणे, पण जवळ बसवून घेते आणि सुनांना ऐकू जाईल अशा आवाजात तीच गोष्ट सांगते. पांढऱ्या कोटातली बाई आली होती म्हणते, कागद घेऊन. सुभद्राला न्यायला. आम्ही नेऊ दिली नाही. दारातून परत लावली! सांगताना म्हातारीचे डोळे असे चमकतात, जणू कालच घडलंय. आक्का मेल्याचं तिच्या डोक्यातून पार पुसून गेलंय. सुना हसतात, म्हणतात, आत्याबाईंचं सुरू झालं.

यंदाही सांगितलं तिनं. सांगून झाल्यावर माझा हात हातात घेतला.

"आपण वाचवली ना गं सुभद्राला?"

"वाचवली, मावशी," मी म्हटलं. दरवर्षी हेच म्हणते. दुसरं काय म्हणू?

ती समाधानानं मान डोलवत राहिली. मग दाराकडं बघत म्हणाली, "मग येत का नाही गं ती भेटायला?"